पावसाचा करडा

आषाढातल्या ताम्हिणी घाटाचा फोटो संगणकावर उघडला की हिस्टोग्राम, म्हणजे छटांचा आलेख, मधोमध गोळा झालेला दिसतो. डावीकडचा काळ्याचा कोपरा रिकामा, उजवीकडचा पांढऱ्याचाही. सॉफ्टवेअरला ही अवस्था आजारासारखी वाटते. ऑटो कॉन्ट्रास्ट दाबा, की ते दोन्ही टोकं ताणून कोपऱ्यांना भिडवतं. कातळ काळाकुळकुळीत होतो, धबधबा झगझगतो आणि फोटोतला पाऊस निघून जातो.

मला तो पाऊस हवा असतो.

धुक्यातले बारीक थेंब उजेड विखुरतात. त्यातला थोडा उजेड आपल्या आणि डोंगराच्या मध्ये येऊन डोंगराच्या काळोखावर पसरतो. डोंगररांग जितकी दूर, तितका हा उजेड जास्त आणि डोंगर तितका फिका. जवळचा ओला बेसाल्ट गडद, त्यामागची झाडी राखाडी, पलीकडचा सुळका आभाळात जवळजवळ विरलेला. फोटो जिथे सपाट दिसतो, तिथेच तर अंतर सांभाळलेलं असतं असं मला वाटतं. कॉन्ट्रास्ट चढवला की मागचा सुळका पुढच्या झाडीला येऊन चिकटतो. मधली सगळी दरी जाते.

आकड्यांतही काही कमावलं जात नाही. नेहमीच्या आठ बिटांच्या चित्रात प्रत्येक रंगाला ० ते २५५ अशा २५६ पायऱ्या असतात. धुक्याचा फोटो समजा ९० ते १७० एवढ्यातच मावला, तर छटा ८१. त्या टोकापर्यंत ताणल्या तरी ८१च राहतात, फक्त मध्ये फटी पडतात आणि हिस्टोग्राम फणीसारखा दातेरी होतो. मऊ आभाळात मग पट्टे उमटतात.

ब्राइटनेसचं दुखणं वेगळं. २००७च्या सीएस३ आवृत्तीआधी फोटोशॉपमधला तो स्लायडर सरळ बेरीज करायचा. ४० वाढवा, की २२०चा ढग आणि २३०चा ढग दोघंही २५५ला अडकणार. आभाळ उडालं! तशीच फाईल जतन केली, तर ते दोन ढग पुन्हा वेगळे करता येत नाहीत. नंतरचा स्लायडर टोकं सांभाळून घेतो, जुना ‘यूज लेगसी’ या नावाने अजून आत आहे.

छायाचित्रकार अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्सने फ्रेड आर्चरबरोबर १९४०च्या सुमारास झोन सिस्टिम बांधली. काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत अकरा झोन. कुठली सावली कुठल्या झोनमध्ये बसवायची, हे शटर दाबण्याआधीच ठरवायचं. सगळे अकरा प्रत्येक फोटोत यायलाच हवेत, असं मला त्यातून कधी वाचता आलं नाही. सह्याद्रीतल्या पावसाला मधले चार-पाच पुरतात.

म्हणून मी कर्व्ह्ज, म्हणजे छटांची रेघ वाकवायचं साधन, उघडतो आणि दोन्ही टोकांना हात लावत नाही. जवळच्या कातळापुरती रेघ किंचित खाली ओढतो, म्हणजे त्याच्यावरचं पाण्याचं ओघळणं दिसतं. मागच्या रांगा आहेत तशा. १४ बिटांची रॉ फाईल असेल तर १६,३८४ पायऱ्या हाताशी असतात, तेव्हा ही ओढाताण चित्र निमूटपणे सोसतं. प्रिंट मात्र मॅट कागदावरच. त्याचा काळा ग्लॉसीइतका खोल उतरत नाही आणि इथे तेच हवं असतं. लॅबवाल्यांना आधीच सांगून ठेवतो: ऑटो करेक्शन बंद ठेवा, फोटो फिका वाटला तरी तसाच काढा.