तोडलेलं वजन

गेल्या आठवड्यात बहिणीच्या नातीचा फोन आला. "नाना, बोलू वाटंना," एवढंच ती म्हणाली. टाळूला चिकटलेली जीभ सुटताना होतो तो कोरडा, चिकट आवाज मला फोनमधून स्पष्ट ऐकू आला. तिची कुस्ती जवळ आली होती, त्रेपन्न किलोत, आणि काटा अजून चोपन्नच्या वर दाखवत होता. पाणी बंद केलेलं. अशा वेळी तालमीतल्या पोरी स्वेटरवर रेनकोट चढवून मैदानाला फेऱ्या मारतात, खाली बसल्या की बाटलीत थुंकत राहतात. थुंकीचंही वजन असतं ना.

फोन ठेवला तरी तो आवाज कानातून जाईना. मी पाटोदा तालुक्यात वाढलो. तहानलेल्या माणसाचा आवाज ओळखायला आमच्याकडं वेळ लागत नाही.

1972 च्या दुष्काळात मी शाळेत नुकता जाऊ लागलो होतो. घरात लाल मिलोच्या भाकरी, शाळेत सुकडी. आई-वडील खडी फोडायला जायचे, आबाही जायचे. आबा म्हणजे माझे आजोबा, पंचक्रोशीतले नावाजलेले पैलवान. वय झालं तरी गावच्या तालमीची किल्ली त्यांच्याच करगोट्याला असायची. तालीम म्हणजे चार मातीच्या भिंती, वर पत्रे, कोनाड्यात मारुती आणि मधोमध हौदा. हौद्यातली लाल माती लांबून बैलगाडीनं आणलेली. तिला ताक, तेल, हळद, लिंबू, कापूर पाजून आबांनी ती लोण्यासारखी केली होती. त्या वर्षी ती करपली. पाणी मारायला पाणीच नव्हतं. पोरं स्थलांतराला गेलेली, जोर मारायला कुणी नाही. मातीवर खपली धरली.

एका संध्याकाळी आबा कामावरून आले ते हातात पितळी तांब्या घेऊन. कुणीतरी त्यांना ताक दिलं होतं. मी आणि माझी धाकटी बहीण उंबऱ्यात बसलो होतो. आबा आमच्यापुढून तसेच तालमीकडं गेले. मी मागं मागं गेलो. त्यांनी किल्ली लावली, हौद्यात उतरले, गुडघ्यावर बसले आणि तांब्या तिरपा करून ते ताक मातीवर फिरवत फिरवत ओतलं. मग दोन्ही हातांनी माती कालवत बसले. भिजलेल्या मातीचा आंबूस वास आला आणि माझ्या तोंडाला पाणी सुटलं. आबांनी एकदाही मागं वळून बघितलं नाही.

हे चित्र माझ्या डोक्यातून आजवर गेलेलं नाही. आबांवर माझा फार जीव. तरीही मला ते ताक हवं होतं.

आमच्या जिल्ह्याचं नाव निघालं की लोक दुष्काळ, ऊसतोड आणि राजकारण एवढंच बोलतात. बीडचा सईद चाऊस 2005 साली महाराष्ट्र केसरी झाला, हे किती जणांना आठवतं? आम्हाला आठवतं. बसस्टँडच्या मागं एक चहाची टपरी आहे. तिथं रिटायर झालेले मास्तर, पोलीस, आडतीवरचे हमाल आणि एकेकाळी जत्रेत लढलेले, कान मोडलेले दोघं-तिघं असे आम्ही जमतो आणि कुस्तीशिवाय दुसरा विषय नसतो. 2023 च्या जानेवारीत कोथरूडला महेंद्र गायकवाडनं सिकंदर शेखला बाहेरची टांग लावली आणि पंचांनी चार गुण दिले. सिकंदरची पाठ धोक्यात गेली होती की तो खांद्यावर पडला, यावर टपरीवर महिनोन्महिने भांडण चाललं. मोबाइलवर तो डाव थांबवून थांबवून बघितला. एका हमालानं बाकड्यावरच्या पोराला धरून डाव करून दाखवला. त्याच वर्षी नोव्हेंबरात फुलगावला सिकंदरनं शिवराज राक्षेला काही सेकंदांत चीत करून गदा घेतली, तेव्हा कुठं ते भांडण मिटलं.

पण डावावर जेवढं बोलणं होतं त्याहून जास्त दमावर होतं. कोण कशानं दमतो, कुणाचा दम पोटाचा, कुणाचा मांडीचा. जुने म्हणतात, मातीत दम येतो, कारण माती पाय ओढून धरते, प्रत्येक पाऊल उपसावं लागतं. हजार बैठका आणि पहाटेचे जोर, वर थंडाई, तूप, भिजवलेले हरभरे. असा गडी अर्धा-अर्धा तास झुंजायचा. मॅटवरची कुस्ती तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांची, मध्ये तीस सेकंद. तिथं लागतो तो दम वेगळा, स्फोटासारखा सुटणारा आणि लगेच भरून येणारा. माझं मत स्पष्ट आहे: दोन्ही लागतात, आणि मातीत पाया घातलेला पोरगा मॅटवर गेला की सहसा मोडत नाही. राहुल आवारेकडं बघा.

राहुल आमच्या पाटोद्याचा. वडील स्वतः पैलवान, त्यांनीच त्याला हौद्यात उतरवलं. पुढं पुण्यात रुस्तुम-ए-हिंद हरिश्चंद्र बिराजदारांनी त्याला घडवलं. हे बिराजदार लातूरकडचे, म्हणजे आमचेच. 1977 साली बेळगावात त्यांनी सत्पालला अस्मान दाखवलं, ती गोष्ट मराठवाड्यात अजून पोथीसारखी सांगतात. 2011 साली बिराजदार मामा गेले आणि राहुल काका पवारांच्या तालमीत राहिला. 12 एप्रिल 2018 रोजी गोल्ड कोस्टला राष्ट्रकुल स्पर्धेच्या अंतिम कुस्तीत त्यानं कॅनडाच्या स्टीव्हन ताकाहाशीला 15-7 असं हरवलं. पाटोद्यात फटाके फुटले. टपरीवरच्या म्हाताऱ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

वजनगट 57 किलो. या आकड्यावर माझा राग आहे, आणि तो मी जपून ठेवलेला आहे. 2016 च्या रिओ ऑलिंपिकला 57 किलोत भारताचा मल्ल गेला, तो राहुल नव्हता, संदीप तोमर होता. संदीपनं मंगोलियात जाऊन जागा जिंकली होती, त्याच्याबद्दल माझ्या मनात काही नाही. पण त्या एप्रिलात इकडं काय चाललं होतं ते आठवतं. मांजरा नदी आमच्याच तालुक्यात उगम पावते. तिच्यावरचं धनेगावचं धरण आटलं होतं आणि लातूरला प्यायला पाणी मिरजेहून रेल्वेनं येत होतं. टीव्हीवर एका बातमीत ती रेल्वे दिसायची आणि पुढच्या बातमीत पात्रता स्पर्धेचा निकाल. आमच्या वाट्याला दुसऱ्याच्या टाकीतलं पाणी आणि दुसऱ्याच्या पोराची कुस्ती. हे म्हणणं तर्काला धरून नाही, पण त्या उन्हाळ्यात मला ते तसंच वाटलं आणि आजही वाटतं.

2019 च्या सप्टेंबरात नूर-सुलतानला जागतिक स्पर्धेत राहुलनं अमेरिकेच्या टायलर ग्राफला 11-4 असं हरवून कांस्य घेतलं. जागतिक कांस्य! पण 61 किलोत. ऑलिंपिकमध्ये 61 किलो हा गटच नाही. त्याच स्पर्धेत 57 किलोत हरयाणाच्या रवी दहियानं कांस्य घेतलं, आणि टोकियोत त्याच गटात रौप्य. राहुलला अर्जुन पुरस्कार मिळाला, पोलीस उपअधीक्षकाची वर्दी मिळाली. ऑलिंपिकचा आखाडा नाही मिळाला.

आणि हाच तो 57 किलो, ज्यात खाशाबा जाधवांनी 1952 साली हेलसिंकीत स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक आणलं. चार वर्षं आधी लंडनला ते खालच्या गटात सहावे आले होते. गोळेश्वरचा हा पोरगा फिनलंडला जावा म्हणून प्राचार्य खर्डेकरांनी राहतं घर गहाण टाकून 7000 रुपये उभे केले, हे सगळ्यांना माहीत असतं. कमी सांगितलं जातं ते असं, की जपानच्या शोहाची इशीईशी लांबलेली कुस्ती संपते न संपते तोच खाशाबांना सोव्हिएत संघाच्या मल्लापुढं उभं केलं गेलं. दोन कुस्त्यांमध्ये अर्धा तास विश्रांतीचा नियम होता. तो सांगायला भारताचा एकही अधिकारी तिथं हजर नव्हता. इशीईनं सुवर्ण नेलं. दम कमावता येतो, पण मिळायची ती विसाव्याची अर्धी घटकाही कुणीतरी मागून घ्यावी लागते.

पॅरिस ऑलिंपिकच्या ऑगस्टमध्ये आम्ही टपरीवर रोज होतो. विनेश फोगाट अंतिम फेरीच्या सकाळी 50 किलोच्या काट्यावर 100 ग्रॅम जास्त भरली, त्या दिवशी कुणी चहा मागितला नाही. आणि दोनच दिवसांनी 57 किलोत अमन सेहरावतला कांस्य! उपांत्य कुस्ती हरल्यावर त्याचं वजन 61 च्या वर गेलं होतं. रात्रभर गरम पाणी, वाफ, ट्रेडमिल, पुन्हा वाफ असं करत दहा तासांत त्यानं 4.6 किलो उतरवले. 2018 पासून नियमच तसा झालाय. आधी आदल्या संध्याकाळी वजन व्हायचं, रात्र भरून यायला मिळायची. आता त्याच सकाळी काटा, आणि दुसऱ्या दिवशी कुस्ती असेल तर दुसऱ्या सकाळी परत काटा.

तरण्या पोरांना पिंजऱ्यातल्या झुंजींचं वेड आहे. ती म्हणतात, खबीब नुरमागोमेदोवसुद्धा 2017 साली वजन उतरवताना दवाखान्यात गेला आणि झुंज रद्द झाली. त्याच्याबद्दल ती कौतुकानं बोलतात आणि वजन तोडणं हा पुरुषार्थ समजतात. मी त्यांना अमेरिकेतल्या कॉलेजांची गोष्ट सांगतो. 1997 च्या अखेरीस तिथं महिनाभरात तीन मल्ल पोरं वजन तोडता तोडता मेली. रबरी सूट, बंद खोली, अंगातलं पाणी संपलेलं, रक्त दाट झालेलं, काळीज पिळून निघालेलं. त्यानंतर तिथं नियम आला की हंगामाआधी पोराच्या अंगात पाणी पुरेसं असतानाच त्याचं खालचं वजन ठरवायचं. आपल्याकडं तालुक्याच्या शालेय स्पर्धेत बारा-तेरा वर्षांची लेकरं उपाशी काट्यावर चढतात, मी डोळ्यांनी बघितलंय. ते मला सहन होत नाही.

नातीला मी विचारलं होतं, "पंचावन्नात लढ ना, कशाला जीव काढतीस?" ती म्हणाली, "नाना, पंचावन्न ऑलिंपिकमध्ये नसतंय." विनेशही आधी त्रेपन्नची होती. त्या गटातली जागा अंतिम पंघालनं घेतली म्हणून तिला पन्नासात उतरावं लागलं. शरीराला किती वजन पेलतं हे कुणी विचारत नाही, यादीत कुठली जागा रिकामी आहे त्यावर मांडीवरचं मांस ठरतं.

आबांच्या काळी असं नव्हतं. जत्रेच्या फडात नजरेनं जोड लावायचे, वजन करायला काटा कुठला? आपल्यापेक्षा मण-दीड मण जड गड्याशी आबा नारळाची कुस्ती खेळले आहेत. आमच्याकडं अंगावर वजन चढवणं हीच उभ्या आयुष्याची धडपड. ते तोडायचं असतं, हे ऐकून आबांना काही कळलंच नसतं. ताकाचं मी पुष्कळ वर्षांनी वडिलांना विचारलं. ते म्हणाले, माती एकदा मेली की परत जिवंत करायला तीन-चार वर्षं जातात, आणि तालीम बंद पडली की पोरं पत्त्याच्या नादी लागतात. पुढच्या पावसाळ्यात पोरं परत आली आणि हौदा तयार होता, हे खरं. मला त्यात आबांचं मोठेपण दिसतं. पण आज लिहिताना लक्षात येतंय की त्या संध्याकाळी आई कुठं होती हे मी कधी स्वतःला विचारलंच नाही. ती खडीवरच होती. तिलाही तहान लागली असेल.

पुढं आई ऊस तोडायला जाऊ लागली, मग बहीण, आता बहिणीची सून. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून उचल, एक दिवस खाडा झाला तर पैसे कापणार. तीस-चाळीस किलोची मोळी डोक्यावर घेऊन ट्रकला लावलेल्या अरुंद फळीवर चढायचं. मी बहिणीला चढताना बघितलंय: अनवाणी पावलाची बोटं फळीत रुतलेली, पोटरी थरथरती, मान ताठ, श्वास रोखलेला, आणि मोळी टाकली की एकदम सुटणारा. कुठल्याही वस्तादानं तो तोल बघून मान डोलावली असती. 2019 साली आमच्या जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची बातमी देशभर गाजली, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. त्या बायकांच्या अंगाचा हिशोब तेव्हा कुठं पहिल्यांदा कागदावर आला. म्हणून 2023 च्या मार्चमध्ये सांगलीला प्रतीक्षा बागडी पहिली महिला महाराष्ट्र केसरी झाली, तेव्हा टपरीवर कुणीतरी "बायकांची कुस्ती ती काय" म्हणालं आणि मी उठून निघून आलो.

बहीण यंदाही लेका-सुनेबरोबर कारखान्यावर गेलीय, कोपीत लहान लेकरं सांभाळायला. नातीची कुस्ती झाली त्या रात्री बहिणीचा फोन आला. पोर एका गुणानं हरली. कोपीत पिठाच्या डब्याला मोबाइल टेकवून शेजारपाजारच्या दहा-बारा जणी तिची कुस्ती बघत होत्या. दिवसभर ऊस तोडून आलेल्या त्या बायकांचा मागं एकच गलका चालला होता.

"पट काढाय उशीर केला तिनं. दुसऱ्या फेरीत समोरची वाकली होती की!"

"उशीर न्हाई केला. दमच नव्हता, उपाशी पोर ती."

"दम नसता तर शेवटाला तिला उचलली कशी? तू बघितलंच न्हाईस."

"बघितलं. उचलली, पण फिरवाय पायजे होती. मोळी टाकताना आपण कंबर कशी फिरवतो, तसं."

"मॅटवर तसं न्हाई चालत, बाई."

"का न्हाई चालत? लाव बरं परत. न्हाई, तिथनं न्हाई, आणखी मागनं लाव."