पिकअपचा फिल्टर काढला, काजळी गेली कुठं?

मार्केट यार्डात पिकअपवाल्यांशी बोलायला उभं राहिलं की हल्ली भाड्याच्या आधी दिव्याचा विषय निघतो. डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो, गाडी ओढायची बंद होते आणि मागं कांद्याच्या गोण्या भरलेल्या असतात. मग कुणीतरी सांगतं, "अमक्या गॅरेजला जा. लॅपटॉप लावून डिलीट मारतात. परत दिवा लागणार नाही."

हे 'डिलीट' काय आहे ते आधी बघू. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ चा नियम आला. त्यानंतरच्या डिझेल गाड्यांत काजळी अडवणारा फिल्टर बसू लागला, त्याला डीपीएफ म्हणतात. त्यात काजळी साठली की गाडी ती आपणहून जाळते, पण त्यासाठी फिल्टर साधारण ६०० अंशांपर्यंत तापावा लागतो. हायवेला ते सहज होतं. हैदराबाद रोडचं यार्ड, तिथून मंगळवार पेठ, मग टिळक चौक अशा चालू-बंद फेऱ्यांत फिल्टर तापतच नाही. तो तुंबतो. डिलीट म्हणजे फिल्टर आतून पोकळ करायचा आणि गाडीच्या कॉम्प्युटरला तो आहे असं खोटं सांगायचं.

ड्रायव्हरची बाजू खरी आहे. गाडी दोन दिवस उभी राहिली तरी हप्ता थांबत नाही. नवा फिल्टर त्याच्या आवाक्याबाहेरचा असतो. गाडी विकताना फिल्टरबद्दल त्याला कुणी चार शब्द सांगितलेले नसतात.

अमेरिकेतही पिकअपवाले असंच करतात. तिकडच्या मोठ्या पेट्रोल पिकअपमध्ये लोड कमी असला की काही सिलिंडर आपोआप बंद होतात, इंधन वाचतं. अनेक मालकांना ते आवडत नाही, ते छोटं यंत्र लावून ही सोय बंद करतात. त्यात जास्तीचं पेट्रोल जातं ते मुख्यतः मालकाच्या खिशातून. पण तिथंच डिझेल पिकअपची प्रदूषण रोखणारी यंत्रणाही काढली जाते. अशा गाड्या दहा वर्षांत साडेपाच लाखांहून जास्त झाल्या, असा अंदाज तिथल्या पर्यावरण खात्याने २०२० मध्ये दिला. याची किंमत मात्र मालक एकटा भरत नाही.

आपल्याकडे ती कोण भरतं? यार्डात गाडीच्या मागं उभा राहून गोण्या उतरवणारा हमाल. कांदा निवडणाऱ्या बायका. दिवसभर गाडीत बसणारा ड्रायव्हर स्वतः. डिझेलच्या धुराने कॅन्सर होतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने २०१२ मध्येच जाहीर केलंय. आणि सोलापूर केंद्राच्या हवा सुधार कार्यक्रमातल्या शहरांत आहे, हेही विसरायला नको.

कायदा आहे. प्रदूषणाच्या कलमात १० हजारांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद, शिवाय लायसन्सवर गदा. पण पीयूसीला धुराचा काळेपणा मोजतात, नळकांड्यात फिल्टर आहे का हे कोण बघतं? जर्मनी, नेदरलँड्स, बेल्जियममध्ये आता सूक्ष्म कण मोजणारं यंत्र लावतात. पोकळ फिल्टर तिथं लगेच पकडला जातो.

माझं म्हणणं एवढंच. नुसता ड्रायव्हर पकडून उपयोग नाही. डिलीट मारणाऱ्या गॅरेजवर आरटीओने आधी जावं. कंपन्यांनी गाडी देतानाच सांगावं, की दिवा लागताच मॅन्युअलप्रमाणे गाडी हायवेला एकसारखी पळवा, ऑइल डीपीएफला चालणारंच घाला. बाजार समितीने यार्डात महिन्यातून एकदा फिल्टर तपासणीचा कॅम्प लावावा.

पिकअपवाल्या भावांनो, दिवा नुकताच लागला असेल तर गॅरेजच्या आधी मोहोळच्या दिशेने एक फेरी मारून बघा. बऱ्याचदा तेवढ्यात भागतं. आणि डिलीट मारायचंच मनात आलं, तर त्या गाडीच्या मागं उभं कोण राहणार आहे, ते एकदा आठवा.