येणे किती, आणि किती दिवसांचे?

निवृत्तीनंतर कर्जाचे अर्ज येणे थांबले. सल्ल्याचे प्रश्न मात्र थांबले नाहीत. अलीकडे आपल्या व्यापारी कुटुंबांतील तरुण वारंवार विचारतात, "काका, पेढीसाठी कोणते सॉफ्टवेअर घ्यावे?" विक्री, वसुली, माल आणि ग्राहक यांसाठी निरनिराळी ॲप दाखवणारे प्रतिनिधी सतत येत असतात आणि प्रत्येकाचे म्हणणे पटण्याजोगे असते. अशा वेळी मी उलट प्रश्न करतो : आज सकाळी आपले एकूण येणे किती आहे, आणि त्यातले ९० दिवसांपेक्षा जुने किती?

हा प्रश्न बँकेतील अनुभवातून आला आहे. कॅश क्रेडिटची मर्यादा मंजूर असली, तरी प्रत्यक्ष किती रक्कम उचलता येईल हे शिल्लक माल आणि येणी यांच्या विवरणपत्रावरून ठरते. साधारणपणे ९० दिवसांपलीकडची येणी त्यात धरली जात नाहीत. विक्री उत्तम, नफाही दिसतो, परंतु पैसा उधारीत अडकलेला. अशा पेढ्या ऐन हंगामात रोख रकमेसाठी खोळंबलेल्या मी पाहिल्या आहेत. त्यांच्याकडे हिशेब होता. मात्र तो वर्षअखेरीस कर सल्लागारासाठी तयार होई. वसुलीला निघणाऱ्या मुलाच्या हाती तो नसे.

आपल्या वडीलधाऱ्यांच्या पद्धतीत ही उणीव नव्हती. रोजकीर्द मिळवल्याशिवाय पेढी बंद होत नसे, आणि खतावणीचे पान उघडताच कोणाकडे किती बाकी आहे ते समजे. आज घरोघरी परिचित असलेल्या टॅलीचा जन्मही अशाच गरजेतून झाला. श्यामसुंदर गोएंका यांना स्वतःच्या व्यवसायासाठी सोयीचे हिशेबाचे सॉफ्टवेअर मिळेना, म्हणून त्यांनी पुत्र भरत यांना ते तयार करण्यास सांगितले. ही गोष्ट १९८६ च्या सुमाराची. आधी गरज स्पष्ट झाली, मग साधन आले. हा क्रम आपणही पाळावा.

गरज मात्र धंद्यागणिक बदलते. शाहूपुरीतील गुळाच्या अडत दुकानाला शेतकऱ्याची पट्टी, तोलाई, हमाली, अडत आणि परगावच्या व्यापाऱ्याकडील येणे यांचा मेळ घालावा लागतो. हुपरीच्या चांदी व्यवसायात कारागिराचे खाते रुपयांबरोबरच वजनातही ठेवावे लागते. टंच, घट आणि मजुरी यांना जागा नसेल तर ते सॉफ्टवेअर तेथे निरुपयोगी. आजरा-गडहिंग्लज मार्गावर माल पोचवणाऱ्या वितरकाला मात्र सेल्समनच्या मोबाइलवर प्रत्येक दुकानाची बिलवार बाकी दिसली पाहिजे. शेजाऱ्याने घेतले म्हणून आपणही घ्यावे, हा निकष येथे चालत नाही.

कायद्याच्या गरजाही लक्षात घ्याव्यात. १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींपेक्षा अधिक उलाढाल असलेल्यांना अन्य नोंदणीकृत व्यापाऱ्यांना केलेल्या विक्रीसाठी ई-इन्व्हॉइस लागू आहे. आपली पेढी खासगी कंपनी असल्यास, नोंदीत कोणी व केव्हा बदल केला याची पुसता न येणारी नोंद ठेवणारे सॉफ्टवेअर १ एप्रिल २०२३ पासून आवश्यक झाले आहे. नोंदणीकृत सूक्ष्म वा लघु उत्पादकाकडून घेतलेल्या मालाचे पैसे लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत, अन्यथा १५ दिवसांत द्यावे लागतात. मुदत चुकली, तर त्या खर्चाची वजावट प्रत्यक्ष पैसे दिलेल्या वर्षीच मिळते. म्हणजे येण्याप्रमाणे देण्याचेही दिवस मोजून दाखवणारे साधन हवे.

खरेदीपूर्वी विक्रेत्याच्या नमुना आकड्यांवर विसंबू नये. आपल्याच मागील महिन्याची बिले, परत आलेला माल आणि अर्धवट जमा रकमा त्यात भरून पाहाव्यात. वार्षिक शुल्क प्रत्येक वापरणाऱ्यामागे आहे का, हे विचारावे. उद्या दुसरे सॉफ्टवेअर घ्यायचे झाल्यास आपली सर्व माहिती एक्सेलमध्ये काढून घेता येईल का, हे लेखी घ्यावे. मुनीम, मुलगा आणि सेल्समन यांचे पासवर्ड वेगळे असावेत. एकच पासवर्ड सर्वांना ठाऊक असेल, तर चुकीची नोंद कोणाची हे ठरत नाही आणि विनाकारण संशय जुन्या माणसावर जातो.

म्हणूनच निवडीच्या बैठकीत मुनीमजींना आवर्जून बसवावे. कोणत्या गावचा दुकानदार सण झाल्यावर पैसे देतो आणि कोणाला दोनदा आठवण करावी लागते, हे ज्ञान त्यांच्याजवळ असते. त्यांना बाजूला ठेवून आणलेले महागडे साधन पुष्कळदा केवळ बिले छापण्याच्या कामी येते.

यंदाच्या पाडव्याला नवे काही घेण्याचा विचार असेल, तर त्याआधी एका कागदावर ग्राहकाचे नाव, रक्कम आणि दिवस अशी येण्यांची यादी घरच्या घरी करून पाहावी. ती करताना जेथे अडेल, तेवढ्याच कामासाठी सॉफ्टवेअर शोधावे.