पाच मिनिटांचा हिशेब

आमच्या घरात फिटचा आजार शिरला तो २०१६ साली. धाकट्या भावाची मुलगी, माझी भाची, तेव्हा पाचवीत होती. आम्ही नालासोपारा पूर्वेला राहतो. आप्पा गिरणीत होते. गिरणी गेली, परळची खोली गेली आणि आमच्यासारखी अनेक कुटुंबे विरारच्या गाडीने इकडे आली. भाऊ रिक्षा चालवतो. फिटला आपल्याकडे कोणी मिरगी म्हणते, कोणी फेफरे. नाव काहीही घ्या, घरातल्यांना पडणारा प्रश्न एकच असतो. आता डॉक्टरकडे पळायचे की थांबायचे? त्याविषयी आपल्या पानावर भगिनींशी चार शब्द बोलावेत असे बरेच दिवस मनात होते.

पहिल्या वेळी वहिनी तिची वेणी घालत होती. पोर एकदम ताठ झाली, डोळे वर गेले आणि हातपाय झटके देऊ लागले. तोंडाला फेस आला. अर्धी चाळ दारात जमली. कोणी म्हणे चप्पल हुंगवा, कोणी म्हणे कांदा फोडा, कोणी किल्ल्यांचा जुडगा तिच्या मुठीत कोंबू लागले. एक मावशी दातखिळी सोडवायला चमचा घेऊन आल्या. तेवढ्यात फिट आपोआप थांबली आणि श्रेय मात्र चपलेला मिळाले! बहुतेक फिट एक-दोन मिनिटांत थांबतातच, चप्पल असो वा नसो. चमच्याने दात तुटतो, तोंडाला जखम होते. पाणी पाजले तर ते श्वासनळीत जाते. रोग्याला कुशीवर वळवावे, डोक्याखाली मऊ काहीतरी द्यावे, गळ्याजवळचे बटण सैल करावे, स्टोव्ह, पाटा, बादली बाजूला सारावी. हातपाय दाबून धरू नयेत. एवढेच करायचे असते, आणि माणसांना एवढेच करणे फार जड जाते.

मात्र आयुष्यातली पहिली फिट असेल तर ती थांबली तरी त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. यात घरच्यांनी मत देऊ नये. कारण प्रत्येक फिट म्हणजे कायमची मिरगी नव्हे. मेंदूचा ताप असू शकतो, साखर उतरलेली असू शकते, डोक्याला मार असू शकतो. आपल्या देशात आणखी एक मोठे कारण म्हणजे पट्टकृमीची अंडी पोटात जाऊन मेंदूत होणारी गाठ. डुकराचे मटण खाणाऱ्यांनाच ती होते, हा समज खोटा आहे. न धुतलेली भाजी आणि घाणेरडे हात यांतून ही अंडी कोणाच्याही पोटात जातात. त्यावर उपचार आहेत. लहान मुलांना तापात आकडी येते तिचेही तसेच. ती बहुधा निरुपद्रवी असते, पण ते डॉक्टरने ठरवायचे.

तपासणी झाली, गोळ्या सुरू झाल्या, तरी अधूनमधून फिट येत राहिली. मग घरात दोन पक्ष पडले. भाऊ दर वेळी पोरीला उचलून खाजगी दवाखान्यात न्यायचा. सलाईन, एक रात्र, बिल आणि दुसऱ्या दिवशीची रिक्षा बंद. आई त्याच्या उलट. ती दार लावून घ्यायची. "बोभाटा करू नको रे, उद्या पोरीचं लगीन करायचंय," म्हणायची. एक भीतीने पळत होता, दुसरी लाजेने थांबत होती.

परळच्या मोठ्या रुग्णालयात मेंदूविकाराच्या डॉक्टरांनी विचारले, "फिट किती वेळ चालते?" भाऊ म्हणाला, अर्धा तास. वहिनी म्हणाली, दहा मिनिटे. डॉक्टर म्हणाले, "पुढच्या वेळी घड्याळ बघा आणि मग मला सांगा." मग त्यांनी समजावले. ठाऊक असलेल्या रोग्याची नेहमीसारखी फिट आली, दोन-तीन मिनिटांत थांबली आणि माणूस हळूहळू भानावर आला, तर दवाखान्यात पळण्याची गरज नाही. त्याला झोपू द्या. नंतर अर्धा तास तो गोंधळलेला राहील, तेही नेहमीचेच. पण झटके पाच मिनिटांच्या पुढे गेले, तर ती आपोआप थांबेल ही आशा सोडायची. शुद्धीवर येण्याआधी दुसरी फिट आली, श्वास अडखळला, डोक्याला मार लागला, फिट पाण्यात आली, बाई गरोदर असली किंवा रोगी मधुमेही असला, तर पाच मिनिटेही मोजत बसायचे नाही.

आई शाळेत गेलेली नाही. तिला मी एवढेच दाखवले की, मोठा काटा एका आकड्यावरून पुढच्या आकड्यावर गेला की पाच मिनिटे. तेव्हापासून फिट आली की सर्वात आधी आईची नजर भिंतीकडे जाते.

जुलै २०१८ चा पूर वसई-विरारकर विसरलेले नाहीत. रुळांवर पाणी, गाड्या बंद, वीज नाही, आमच्या गल्लीत मांडीभर पाणी. त्याच दिवसांत एका संध्याकाळी तिला फिट आली. वहिनीने तिला कुशीवर धरले, मी बॅटरीचा झोत घड्याळावर टाकला. दोन मिनिटे गेली, झटके चालूच. इथे मी पुढच्या आकड्याची वाट पाहिली नाही, तिसऱ्या मिनिटाला १०८ ला फोन लावला. पाच मिनिटांचा नियम सर्वांसाठी आहे, पण गाडी दारात यायला जिथे तासही लागेल, तिथे फोन आधीच करावा असे माझे मत आहे. ही सेवा राज्यात २०१४ पासून आहे आणि तिला पैसे पडत नाहीत. पलीकडून विचारले, गाडी कुठपर्यंत येऊ शकेल? शेजारची मुले तिला दाराच्या फळीवर घालून मोठ्या रस्त्यापर्यंत न्यायला तयार उभी होती. आई म्हणाली, "अजून पुढच्या आकड्यावर न्हाय गेला काटा." आणि चौथे मिनिट संपता संपता अंग सैल पडले. घोरल्यासारखा श्वास सुरू झाला. ओठ निळसर होते ते पुन्हा लाल झाले. फोनवर तसे सांगितले, आणि त्या पाण्यातून पोरीला न्यावे लागले नाही. ती सकाळपर्यंत झोपली.

पुढे एकदा उलटे घडले. एक फिट थांबली, पोरीने डोळे उघडले नाहीत आणि दुसरी सुरू झाली. तेव्हा आईच म्हणाली, "काटा बघू नका, रिक्षा काढा." त्यानंतर डॉक्टरांनी नाकात मारायचा मिडाझोलमचा फवारा लिहून दिला. तो किती आणि केव्हा मारायचा हे त्यांनी वहिनीकडून पाठ करून घेतले. आपल्या मनाने असा फवारा कोणी आणू नये.

काही फिट अशाही असतात की हातपाय हलतच नाहीत. मूल बोलता बोलता थांबते, क्षणभर एकटक बघते, ओठ चावल्यासारखे करते आणि पुन्हा भानावर येते. शाळेत बाई म्हणतात, लक्ष नाही. यासाठी रात्री धावायचे नसते, पण हे वरचेवर होत असेल तर दाखवायलाच हवे. जमल्यास मोबाईलवर चित्रण करून न्यावे.

लग्नाचे म्हणाल तर, आपल्यालाही लागू असलेल्या हिंदू विवाह कायद्यात फेफऱ्याचा अडथळा होता, तो १९९९ साली काढून टाकला आहे. आजार मात्र सासरी लपवू नये. लपवला की पहिली लपते ती गोळी. मूल हवे असेल तर आधी डॉक्टरांशी बोलावे, कारण व्हॅलप्रोएटसारखी औषधे पोटातल्या बाळाला घातक ठरू शकतात. गोळी आपण होऊन बंद करू नये, त्यानेच मोठी फिट येते. भगताचा मार्ग आमच्या आप्पांनी पहिल्याच दिवशी बंद केला. भूत उतरवायचे म्हणून मारहाण करणे हा २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे, हे त्यांनी सुचवणाऱ्यालाच सुनावले.

भाची आता कॉलेजात आहे. गेल्या काही वर्षांत फिट क्वचितच आल्या, त्यातल्या बऱ्याच जागरणानंतरच्या. सहा डिसेंबरला चैत्यभूमीला जायचे असले की आदल्या रात्री ती लवकर झोपते आणि दोन वेळच्या गोळ्या पर्समध्ये ठेवते. पावसाळ्यापूर्वी भाऊ महिनाभराच्या गोळ्या जास्त आणून ठेवतो. फवाऱ्याची मुदत तपासण्याचे काम माझ्याकडे आहे.