ओसरीतली भिंगरी

अंबड तालुक्यातल्या आमच्या माळवदाच्या घरात आम्ही सगळी चुलत भावंडं ओसरीत झोपून वाढलो आणि वर तुळईच्या बगलेत लालबुडी भिंगरीची पिलं वाढली. उन्हाळा सरता सरता जोडी यायची. मागच्या सालचं घरटं धड असलं तर त्याचीच डागडुजी, नाहीतर नवं. निव्वळ चिखलाचं, छताला चिकटवलेल्या आडव्या सुरईसारखं: पोट फुगीर, पुढं आत शिरायची नळी. नर-मादी दोघंही चोचीतून चिखलाची एकेक गोळी आणून चिकटवत. आत वाळलं गवत, पिसं आणि तीन-चार पांढरी अंडी.

चिखल न्हाणीच्या सांडपाण्यावरून जायचा. 1972 च्या दुष्काळात आडाचा तळ दिसला, न्हाणी कोरडी पडली. तेव्हा आजी भांड्यांचं खरकटं पाणी रोज मुद्दाम एकाच जागी ओतायची. घागरीघागरीवरून घरात कुरबुर चालायची, पण त्या ओल्या मातीबद्दल तिला कुणी टोकलं नाही. तिच्या साऱ्या व्रतवैकल्यांपेक्षा आम्हाला तो ओंजळभर चिखल मोठा वाटतो. पिलांची शिट अंथरुणावर पडायची, तर तिनं अंथरुणं सरकवली. कुणी काठी उचलली की ओरडायची, "हात लावू नका रे, लेकुरवाळी हाये ती!"

हिवाळ्यात विजेच्या तारांवर रांगेनं बसायची ती माळभिंगरी. हिमालयातून, त्याही पलीकडून येणारी. इथं ती घरटं करत नाही, उन्हाळ्यात परत जाते. आत्याकडं जालन्याला गेलो की घाणेवाडीच्या तलावावर तिसरी दिसे, तारवाली. शेपटीला दोन बारीक तारा, पाण्यालगत सूर मारत उडता उडता किडे टिपणारी. ही तिन्ही नावं आम्हाला फार उशिरा, पुस्तकांतून कळली. घरात सगळ्या पाकोळ्याच होत्या.

पुढं माळवद उतरवलं, स्लॅब पडला. तुळया गेल्या तशी भिंगरीही गेली, असं आम्ही धरून चाललो होतो. पण तिला सिमेंटचं वावडं नाही. पुलाखाली, मोऱ्यांत, गॅलरीच्या स्लॅबखालीही ती घर करते. धाकट्या चुलतभावाच्या पोर्चमध्ये आता तिचं घरटं आहे. रंग देताना त्यानं तेवढा कोपरा सोडायला लावला आणि खाली फळी ठोकली, कारण तिथं मोटारसायकल उभी असते.