सव्वादोन किलोंचे सोंग

सोलापूरचा माणूस चादर पांघरून झोपतो, चादर अंथरून बसतो आणि पाहुणा निघाला की त्याच्या हातातही चादरच ठेवतो. पण चादर अंगावर बांधून भल्या पहाटे धावत सुटलेला माणूस सोलापूरनेसुद्धा पाहिला नव्हता. तो मान गेल्या हिवाळ्यात माझ्याकडे आला.

झाले असे. मुंबईत २००४ सालापासून जानेवारीत मोठी मॅरेथॉन होते. पूर्ण शर्यत ४२.१९५ किलोमीटरांची, अर्धी त्याच्या निम्म्याने. तिथे धावणाऱ्यांतले पुष्कळजण एखाद्या सत्कार्यासाठी निधी गोळा करतात आणि लोकांचे लक्ष जावे म्हणून काहीजण घरी शिवलेली सोंगे घेऊन धावतात. आमच्या मित्रमंडळींनी विडी वळणाऱ्या बायकांना चष्मे द्यायचे ठरवले होते. सूप मांडीवर घेऊन, तेंदूच्या पानात तंबाखू भरून, दोरा गुंडाळून दिवसाला शेकड्यांनी विड्या वळायच्या म्हणजे चाळिशीनंतर डोळे दाद देत नाहीत. निधी हवा होता. पन्नाशी उलटलेला आणि तरीही रोज धावणारा असा मंडळीत मी एकटाच. तेव्हा अर्ध्या मॅरेथॉनची माळ माझ्या गळ्यात पडली.

सोंगाचे वेड काही आपल्याकडचेच नाही. लंडनच्या २००२ सालच्या मॅरेथॉनमध्ये लॉइड स्कॉट नावाचे गृहस्थ समुद्राच्या तळाशी उतरणाऱ्या पाणबुड्याचा जुना, अवजड पोशाख चढवून निघाले. इतरांनी काही तासांत संपवलेली शर्यत त्यांनी पाच दिवसांहून अधिक वेळ घेऊन पुरी केली! उद्देश कर्करोगाच्या रुग्णांसाठी पैसे उभे करणे. हे वाचून मला हुरूप आला. सौभाग्यवतींना मात्र काळजी वाटली.

पहिला विचार मनात आला तो बाराबंदीचा. संक्रांतीच्या सुमारास सोलापुरात सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा भरते. तीस फुटांच्या आसपास उंचीचे सात नंदीध्वज पेलत मानकरी अडुसष्ट लिंगांची प्रदक्षिणा करतात, तेव्हा त्यांच्या अंगावर पांढरीशुभ्र बाराबंदी असते. सोलापूरची खूण म्हणून याहून देखणा वेष कोणता? मी हे एका वृद्ध भक्तांच्या कानावर घातले. ते रागावले नाहीत. शांतपणे म्हणाले, "सर, ते सोंग नव्हं. ते व्रत हाय. कैक दिवस आधीपासून सराव करतात पोरं. वजन पेलायचं, मगच बाराबंदी. तुम्ही वजन काय पेलणार, सांगा की ओ."

मला उत्तर देता आले नाही. बाराबंदी मनातून काढून टाकली. प्रश्न मात्र घरी घेऊन आलो.

मग आली चादर. सोलापुरात पहिली कापडगिरणी १८७७ साली सुरू झाली, तिला लोक पुढे 'जुनी गिरणी' म्हणू लागले. त्या काळातल्या बड्या गिरण्यांचे भोंगे आज थंडावले आहेत. पण तेलंगणातून येऊन इथे रुजलेल्या पद्मशाली विणकरांच्या मागांनी शहराचे नाव राखले. सोलापुरी चादरीला आणि टॉवेललाही भौगोलिक मानांकन आहे. अशोक चौकाच्या बाजूला एका ओळखीच्या विणकरांकडे गेलो. मागावर जॅकार्डचे भोके पाडलेले पुठ्ठे एकामागून एक सरकत होते. ज्या भोकातून सुई जाईल त्याप्रमाणे धागा उचलला जायचा आणि खाली मोर उमटत होता. मी म्हणालो, "मधोमध गळा कापून अंगात घालीन म्हणतो."

ते दचकले. "कापू नका ओ. ताणा सुटला की चादर गेली. दोन्ही अंगांनी वापरायची वस्तू ही. हिला उलटी बाजू नसते, रंग तेवढे पालटतात."

त्यांनी विणीत किंचित चूक राहिलेली एक चादर काढून दिली आणि पैसे घ्यायला साफ नकार दिला. सौ.ने ती न कापता दुहेरी घडी घातली, खांद्यांच्या जागी जुन्या धोतराचे मऊ पट्टे लावले आणि पुढून बांधायला सुती नाड्या शिवल्या. आमच्या वजनकाट्यावर ती सव्वादोन किलो भरली.

ऐकायला सव्वादोन किलो म्हणजे काहीच नाही. मंडईतून आपण याहून जास्त बटाटे आणतो. पण बटाटे काही घाम पीत नाहीत! पहिल्याच सकाळी सात रस्त्यावरून निघालो, पार्क चौकात आलो, १२ जानेवारी १९३१ रोजी फाशी गेलेल्या चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांना हात जोडले आणि किल्ल्याच्या तटाजवळ पोचेपर्यंत काखा सोलून निघाल्या. घरी आल्यावर चादर पुन्हा काट्यावर ठेवली: पावणेतीन किलो. सोलापूरच्या कोरड्या थंडीत ही गत, तर मुंबईच्या दमट हवेत काय होईल?

तेव्हा शिस्त लावून घेतली. आठवड्याचे चार दिवस साध्या कपड्यांत धावायचे, एकच दिवस चादरीसह. अंतर दर आठवड्याला थोडेच वाढवायचे. काखांना आणि मानेला खोबरेल तेल, घोटाघोटाने पाणी, चिमूटभर मीठ. शर्यतीच्या दिवशी नवीन म्हणून काही अंगावर चढवायचे नाही, मग तो पायमोजा का असेना. खाण्याची चिंता सोलापूरकराला नसतेच. मालदांडी ज्वारीची कडक भाकरी आणि शेंगाची चटणी हा आमचा जुना खुराक.

लोकही हळूहळू ओळखू लागले. "काय करलालाव सर? थंडी वाजलाली का?" असे विचारीत चहावाला पोरगा रोज हसायचा. शेजारच्या एका निवृत्त मास्तरांनी मात्र मर्मावर बोट ठेवले. "पैसेच हवेत तर सरळ मागा. शिकलेल्या माणसाने हे सोंग कशाला?" वासुदेव, बहुरूपी, पोतराज आपल्याकडे वेष घेऊनच मागत आले, असे मी म्हणालो, पण ते म्हणणे माझे मलाच पटले नाही. त्यांचे ते पोट होते. माझे काय होते?

त्याचे उत्तर पूर्वभागातल्या एका गल्लीत मिळाले. चादर बांधून धावत होतो. उंबऱ्यात बसून एक बाई विड्या वळत होत्या. सूप डोळ्यांच्या अगदी जवळ धरलेले. त्यांनी हटकले, मी दम खात सगळे सांगितले: मुंबई, शर्यत, चष्मे. प्रत्येक किलोमीटरमागे कुणीतरी पैसे देतो, हेही सांगितले. बाई आत गेल्या, डब्यातून वीस रुपयांची नोट घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "माझ्या नावानं बी एक पळा."

मी हात मागे घेतला. ज्यांच्यासाठी मागायचे त्यांच्याकडूनच कसे घ्यायचे? तसे बोलूनही गेलो. बाईंचा हात तसाच पुढे होता. "का ओ? देणारं नेहमी तुम्हीच व्हायचं काय?"

वाचकहो, मी आयुष्यात बऱ्याच वर्गण्या गोळा केल्या आहेत. इतका खजील कधी झालो नव्हतो. नोट घेतली. "कुठला किलोमीटर तुमचा?" असे विचारले. "सगळ्यांत अवघड असंल तो," त्या म्हणाल्या आणि पुन्हा सूप मांडीवर घेतले.

परत येताना सिद्धेश्वर तलावाच्या काठी बसलो. मंदिराभोवतीचे हे तळे बाराव्या शतकात सिद्धरामांनी खोदवले, आणि ते असंख्य हातांच्या श्रमांनी खोदले गेले अशी परंपरा आहे. शरणांच्या शिकवणीत दोन शब्द फार मोलाचे: कायक, म्हणजे श्रम, आणि दासोह, म्हणजे त्या श्रमाचे फळ समाजाच्या पायाशी ठेवणे. तळे खोदताना कोण दाता आणि कोण याचक? प्रत्येकाने आपली पाटी उचलली असणार. मास्तरांना द्यायचे उत्तर मला सापडले. नुसता वेष घेऊन मागितले तर ते सोंग. वेषाबरोबर ओझेही घेतले, तर समोरच्यालाही आपली पाटी उचलावीशी वाटते.

यात्रा आटोपली, नंदीध्वजांची मिरवणूक डोळे भरून पाहिली आणि रात्रीच्या सिद्धेश्वर एक्सप्रेसने मुंबई गाठली. रविवारी पहाटे माहीमहून निघालो. सागरी सेतूवर वारा चादरीत शिरून मला मागे ओढू लागला, वरळीपर्यंत ती घामाने ओलीचिंब झाली. पण खरी परीक्षा पेडर रोडच्या चढावर होती. आमचे सोलापूर सपाट. चढाचा सराव करायचा तो कुठे? खांदे भरून आले, पाय जड झाले, बाजूने तरुण मुले हसत पुढे जाऊ लागली. चादर काढून कमरेला बांधावी असे मनात आले, नाडीला हातही गेला. तेवढ्यात आठवले की हाच तो. सगळ्यांत अवघड. नाडी पुन्हा घट्ट केली आणि तो किलोमीटर चालतच, पण चादरीसह, पुरा केला.

शेवटची रेघ ओलांडली तेव्हा मागे फारसे कुणी उरले नव्हते. घरी काटा लावला नाही. ते वजन आता मोजण्यापलीकडचे होते.

मार्च महिन्यात चष्मे आले. त्या बाईंच्या नाकावर चष्मा ठेवला तेव्हा त्यांनी आधी हातातली विडी पाहिली, मग माझ्याकडे नीट निरखून पाहिले आणि म्हणाल्या, "अगं बाई! तुम्ही एवढं म्हातारं हाय होय? मग बरं पळलात की ओ!"

चादर धुऊन वाळवून पाहुण्यांच्या अंथरुणात गेली आहे. तिच्या नाड्या सौ.ने उसवल्या नाहीत. त्या किती आहेत हे मी मोजलेले नाही. बारा निघाल्या तर काय, ही भीती आहे.