संगणकाची उजळणी

मुलांनो, समजा तुमचे दोन मित्र आहेत. एक सगळंच विसरतो. दुसरा सगळं ठामपणे सांगतो, पण मधूनच एखादी गोष्ट चुकीची सांगतो. कुणाला कुठलं पुस्तक दिलं, हे लक्षात ठेवायचं काम तुम्ही कुणाकडे द्याल? माझं विचाराल, तर पहिल्याकडे! तो निदान 'आठवत नाही' म्हणेल, मग आपण वही उघडू. दुसऱ्यावर मात्र आपला विश्वास बसतो आणि घोटाळा होतो.

असा दुसऱ्या प्रकारचा मित्र मला १९९६ च्या दिवाळीच्या सुट्टीत दौंडला भेटला. तो होता मामाचा संगणक!

आम्ही घोडनदीकाठच्या शिरूरचे. सुट्टी लागली की एसटी पकडायची आणि भीमेकाठच्या दौंडला मामाकडे जायचं, हे ठरलेलं. मामाचं खतं-बियाण्यांचं दुकान होतं. उधारी मामी लाल खतावणीत लिहायची. मामा तीच यादी आपल्या ४८६ जातीच्या संगणकात टंकायचा. या संगणकाची स्मृती, म्हणजे रॅम, होती ४ मेगाबाइट. आजच्या साध्या मोबाइलमध्येही याच्या हजारपट असते, बरं का! विंडोज ९५ तेव्हा नवीन होती. ती ४ मेगाबाइटमध्ये रडतखडत चालायची, ८ असले तर बरी. म्हणून मामानं आणखी ४ बसवून घेतले.

संगणक पळायला लागला. पण चौथ्याच दिवशी एका शेतकरीकाकांच्या नावापुढे पडद्यावर उधारी दिसली ७२०० रुपये. काका समोरच उभे होते. "मी तर ३२०० चाच माल नेलाय," ते म्हणाले. मामाचा आवाज चढणार, तेवढ्यात मामीनं खतावणी पुढे सरकवली. तिथं ३२०० च लिहिले होते. काका काही बोलले नाहीत, पण त्यांचा उतरलेला चेहरा मला अजून आठवतो.

संगणक बंद करून पुन्हा सुरू केला, यादी उघडली, तर ३२००! म्हणजे हार्ड डिस्कवरचा आकडा बरोबर होता. तो रॅममध्ये आणला की कधी कधी बिघडत होता.

३ चे ७ कसे झाले? संगणकाला फक्त ० आणि १ कळतात. मामा आकडे इंग्रजीत टंकायचा. त्यातला ३ संगणक लिहितो ००११००११ असा आणि ७ लिहितो ००११०१११ असा. नीट पाहा. फरक फक्त एका घराचा आहे! एका ० चा १ झाला आणि काकांच्या डोक्यावर ४००० रुपये चढले.

अशी लाखो घरं रॅमच्या चिपमध्ये असतात. एका घरात एक अतिसूक्ष्म विद्युतभार साठवायचा, ही कल्पना आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांनी १९६६ साली मांडली. भार आहे म्हणजे १, नाही म्हणजे ०. गंमत म्हणजे हे घर गळक्या रांजणासारखं असतं. भार सारखा गळतो, म्हणून तो सेकंदाला कित्येक वेळा पुन्हा भरावा लागतो. वीज गेली की भरणं थांबतं आणि रॅम सगळं विसरते. आमच्याकडे वीज तर कधीही जायची! पण ते विसरणं सगळ्यांना दिसतं. एखादं घर बिघडून कायम १ च सांगू लागलं, तर ते कुणाला दिसत नाही.

मग ओळखायचं कसं? मास्तर पाढ्यांची उजळणी घेतात तसं! संगणक सुरू होताना पडद्यावर स्मृतीचे आकडे भराभर पळायचे, पण ती तपासणी वरवरची असे. खरी उजळणी करणारा प्रोग्रॅम आधी घराघरांत ०१०१०१०१ लिहितो आणि वाचून पाहतो. मग उलट १०१०१०१० लिहितो आणि पुन्हा वाचतो. म्हणजे प्रत्येक घराला ० ही सांभाळावा लागतो आणि १ ही. मामाच्या ओळखीच्या कारागिरानं असा प्रोग्रॅम फ्लॉपीवर आणला आणि रात्रभर चालवला. सकाळी पडद्यावर एक पत्ता उमटला होता. तो नव्या ४ मेगाबाइटमधला होता!

त्या संगणकात रॅमच्या पट्ट्या चार-चारच्या गटानं बसत. एक पट्टी एका वेळी ८ घरं उचलते आणि ४८६ ला एकदम ३२ लागतात. पालखीला चार भोई लागतात, तसंच हे. पण चारांतला दोषी कोण? कारागिरानं एकेक नवी पट्टी जुन्या पट्टीशी बदलून पुन्हा उजळणी घेतली. तिसरी पट्टी हलवली आणि चुकीचा पत्ताही जुन्या गटात सरकला. सापडली! प्रत्येक वेळी तो प्लग काढायचा, पेटीच्या लोखंडाला हात लावून अंगावरची स्थिर वीज घालवायचा आणि पट्टीची टोकं खोडरबरानं हलकेच पुसायचा. दुकानदारानं ती पट्टी बदलून दिली.

मी आजही जुने संगणक दुरुस्त करतो. स्मृती वाढवली की आधी उजळणी, मग काम. ख्रिस ब्रॅडी यांनी १९९४ साली सुरू केलेला मेमटेस्ट८६ हा प्रोग्रॅम त्यासाठी आजही वापरतात.

आता एक खेळ करून पाहा. चिंचोके फोडून घ्या. पांढरी बाजू १, काळी बाजू ०. आठ तुकडे हवे तसे मांडा. नववा असा ठेवा, की एकूण पांढरे विषम होतील. तुम्ही डोळे मिटा आणि मित्राला एक तुकडा उलटू द्या. पांढरे मोजा. सम आले? चोरी पकडली! १९८१ च्या आयबीएम पीसीमध्ये असंच नववं घर होतं. चूक दिसली की तो काम थांबवायचा. मामाच्या पट्ट्यांत हे नववं घर नव्हतं. तशा पट्ट्या स्वस्त पडत.

आता मित्राला एकदम दोन तुकडे उलटायला सांगा. चोरी पकडता येते का? पाहा बरं! आणि संगणक सुधारल्यावरही मामीनं खतावणी लिहिणं का सोडलं नाही, ते तुम्हीच घरी सगळ्यांना समजावून सांगा.